एस्तेरचा डावा कान

चर्चमध्ये सेविका नावाची एक बाई असते, हे बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसतं. पाळकसाहेब सगळ्यांना दिसतात. ते पांढरा झगा घालून उभे राहतात, लग्नं लावतात, माती देतात. सेविका दिसत नाही, कारण तिचं काम लोकांच्या घरांत असतं. आजारी बाईच्या उशाशी बसायचं, बाळंतिणीला भेटून यायचं, जे घर लागोपाठ उपासना चुकवतं त्या घराची कडी वाजवायची. शास्त्रातला उतारा वाचायचा, प्रार्थना करायची, चहा प्यायचा आणि पुढचं घर गाठायचं. नाशिकच्या आमच्या मंडळीत मी हे काम नव्वद सालाच्या सुमाराला धरलं आणि केस पांढरे होईपर्यंत केलं. मंडळी म्हणजे एका चर्चची सगळी माणसं. आमची मंडळी सिडको, अंबड, नाशिकरोड, पार देवळाली कॅम्पपर्यंत पसरलेली. माझी चप्पल वर्ष काढत नसे.

मी लग्न केलं नाही. वडील दिंडोरीकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांच्यामागे घर सांभाळता सांभाळता वय निघून गेलं. पुढे चर्चमधल्या पुरुषांना ही गोष्ट फार उपयोगी पडली. मी काही बोलायला गेले की ते म्हणत, "रत्नाबाई, तुम्हाला संसारातलं काय कळणार?"

संसारातलं मला पुष्कळ कळत होतं. कुणाच्याही घरात शिरले की माझी नजर आधी भांड्यांच्या फळीवर जायची. पोचे आलेली भांडी सगळ्यांकडे असतात. पण पातेलं हातातून सुटलं तर त्याला बुडाशी पोचा येतो. जिथं तांब्याच्या गळ्याला, डब्याच्या खांद्याला, ताटाच्या कडेला पोचे दिसतात, तिथं भांडं कुणीतरी फेकून मारलेलं असतं. मग मी मुलांकडे बघायची. पाहुणा आल्यावर मुलं पाहुण्याच्या पिशवीकडे बघतात, ही त्यांची रीत. जी मुलं आधी बापाच्या तोंडाकडे बघतात, त्या घरात मी प्रार्थना लांबवायची. तेवढाच वेळ त्या बाईला डोळे मिटून बसायला मिळायचा.

देवळाली कॅम्पला एक सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार होते. मी आले की ते गीतांचं पुस्तक काढून मोठ्यानं गायला बसत. एक गीत संपलं की दुसरं, सगळी कडवी, ध्रुपद दोनदा. मी त्यांच्या बायकोशी बोलू नये म्हणून हा बंदोबस्त. बस चुकेल म्हणून शेवटी मलाच उठावं लागे. त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला हातानं खूण करी, आज बरं आहे, किंवा आज बरं नाही. आमची सगळी ओळख एवढीच. ती न्यूमोनियानं गेली तेव्हा हवालदारांनी तिच्या मातीच्या वेळीही सगळी कडवी म्हटली. लोक म्हणाले, केवढं प्रेम होतं बघा.

पण मला सांगायचं आहे ते एस्तेरचं. माझ्या सगळ्या नोकरीत मी जे काही केलं, ते सगळं तिच्यासाठी करून पाहिलं. म्हणून तिचं सांगितलं की माझ्या कामाचंही सांगून होतं.

एस्तेरचा नवरा विल्सन अंबडच्या एका कारखान्यात टर्नर होता आणि आमच्या चर्चचा ऑर्गन वाजवायचा. हा माणूस कसा होता हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. तो मदतीला धावणारा होता. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा युनियनचा पुढारी म्हणून त्यानं घरोघर हिंडून कामगारांसाठी धान्य गोळा केलं. हिंदू, मुसलमान, बौद्ध, कोणाचंही घर सोडलं नाही. माझ्या खोलीचे पत्रे गळायला लागले तेव्हा स्वतः वर चढून त्यानं ते बदलून दिले आणि चहासुद्धा घेतला नाही. आवाज गोड, बोलणं नम्र, दारूला शिवायचा नाही. भगिनी मंडळाच्या बायका म्हणत, एस्तेरनं नशीब काढलं. एस्तेर गोरीपान, शांत. संडे स्कूलच्या मुलांना शिकवायची आणि गायकवृंदात खालच्या पट्टीतला आवाज लावायची. त्याला आम्ही आल्टो म्हणतो. त्यांच्या घरची भांडी मी कितीदा पाहिली होती. एकालाही पोचा नव्हता. विल्सन वस्तूंना जपणारा होता.

नाताळ जवळ आला होता, गाण्यांची तालीम चालली होती. विल्सननं मध्येच ऑर्गन थांबवला आणि म्हणाला, "आल्टो! कान कुठं ठेवून आलात?" सगळे हसले. एस्तेरही हसली. पुन्हा सुरू झालं, पुन्हा तिचा स्वर उतरला. मी मागं बाकावर बसून मुलांचे कागदी तारे चिकटवत होते. माझ्या लक्षात आलं की एस्तेर रांगेतली जागा बदलून पार डाव्या टोकाला उभी राहिलीय, उजवा कान ऑर्गनकडे करून. बारा वर्षं ती मधोमध उभी राहत होती.

तालीम संपल्यावर आम्ही दोघी मागच्या पडवीत कप विसळत होतो. मी तिच्या डाव्या बाजूनं हळूच म्हणाले, "एस्तेर, साबण दे." ती कप विसळत राहिली. मी पुन्हा म्हणाले. मग उजवीकडे गेले आणि विचारलं, "कधीपासून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. नळ बंद केला नाही.

"पावसाळ्यापासून. डॉक्टरांकडे गेले होते, बाई. म्हणाले, पडदा फाटलाय. काडी घातली होती का? मी म्हटलं, हो, काडी. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि काडी असंच लिहिलं."

"काय झालं होतं?"

"काही नाही. ते युनियनच्या मीटिंगचं सांगत होते. मी मध्येच म्हटलं, थांबा, दूध उतू जातंय." ती कप पुसायला लागली. "बोलणं तोडलेलं त्यांना आवडत नाही."

लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चाललं होतं. आम्हा कोणालाच कळलं नव्हतं, कारण तो दिसेल असं मारत नसे. कान ही त्याची चूक झाली.

मी पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब भला माणूस होता, हे मी मनापासून लिहिते. गरिबाच्या मातीला भर उन्हात चालत जायचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विल्सनला त्यांनी बोलावून घेतलं आणि बराच वेळ दार लावून बोलले. नंतर मला म्हणाले, "रत्नाबाई, माणूस ढसाढसा रडला हो. गुडघे टेकून रडला. इतका पश्चात्ताप मी कुणाचा पाहिला नाही."

"साहेब, एस्तेरला विचारलंत?"

"तिला कशाला विचारायचं? चूक त्याची आहे."

चूक त्याची होती, म्हणून सगळी विचारपूसही त्याचीच झाली. त्या दिवशी विल्सन घरी गेला आणि पुढे कित्येक दिवस एस्तेरशी एक अक्षर बोलला नाही. मग बोलला. त्यानंतर तिला पाठीवर निजता येईना, म्हणून ती आमच्याकडे भगिनी मंडळाच्या सभेला आली तेव्हा भिंतीला न टेकता सरळ बसून राहिली.

मी साहेबांना म्हटलं, तुम्ही एकदा व्यासपीठावरून बोला. कुणाचं नाव घेऊ नका, पण मारणं हा शब्द उच्चारा. नवऱ्यानं बायकोला मारणं हे पाप आहे, एवढं एक वाक्य. चर्चमधल्या कितीतरी बायका त्या वाक्यासाठी जन्मभर थांबल्यात. साहेबांनी कबूल केलं. मी घरोघर जाऊन बायकांना सांगितलं, या रविवारी नक्की या. ज्या कधी येत नव्हत्या त्याही आल्या, डोक्यावरून पदर घेऊन. साहेब व्यासपीठावर चढले. त्यांनी खाली पाहिलं. पुढच्या बाकांवर मंडळीचे पंच बसले होते. पंच म्हणजे चर्चचा कारभार बघणारी निवडून आलेली माणसं, त्या काळात सगळे पुरुष. साहेबांच्या तोंडून कटुता हा शब्द आला, गैरसमज आला, कुटुंबातला अबोला आला. मारणं हा शब्द आला नाही. पत्नीनं घराचं वातावरण कसं ठेवावं, हेही आलं. उपदेशानंतर विल्सननं असा ऑर्गन वाजवला की माझ्या शेजारची बाई डोळे पुसायला लागली. दारात सगळे साहेबांना सलाम करून बाहेर पडत होते, तेव्हा त्यानं साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "साहेब, आजच्या उपदेशाची फार गरज होती."

मग एस्तेर आणि मी एका वकीलबाईंकडे गेलो. सीबीएस बसस्टँडजवळ त्यांची एक छोटी खोली होती. एस्तेर म्हणाली की तिला घटस्फोट हवा आहे. हा शब्द तिनं इतक्या हळू उच्चारला की वकीलबाईंनी पुन्हा विचारलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. तेव्हाचा आम्हा ख्रिस्ती लोकांचा कायदा इंग्रजांच्या काळातला होता. त्यात बायकोला नुसत्या मारहाणीवर घटस्फोट मिळत नव्हता. मारहाणीबरोबर नवऱ्याचे बाहेर कुठं संबंध आहेत, हेही सिद्ध करावं लागे. नुसतं वेगळं राहण्याची परवानगी कोर्ट देई, तीही वर्षानुवर्षं फेऱ्या मारून.

वकीलबाईंनी विचारलं, "त्यांचं बाहेर काही आहे का? नीट आठवा."

एस्तेर एकदम ताठ झाली. "नाही हो. ते तसे नाहीत."

वकीलबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. आम्ही जिना उतरलो. खाली उसाच्या गुऱ्हाळापाशी एस्तेर थांबली आणि म्हणाली, "तसे असते तर बरं झालं असतं, नाही का बाई?"

माहेरी फक्त आई होती. दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत मजुरीला जायची. एस्तेर मुलीला, ग्रेसला, घेऊन तिच्याकडे गेली आणि छाटणीच्या कामाला लागली. मी भेटायला गेले तेव्हा तिचे हात पाल्याच्या रसानं काळे झाले होते, पण चेहरा निवळला होता. म्हातारी मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, पोरगी हाय, मला काय जड नाय. पण गाव लय वंगाळ. नवऱ्यानं टाकली म्हणत्यात. अन् पोरीची शाळा?" थोड्याच दिवसांनी विल्सन दोन पंचांना जीपमध्ये घालून तिथं आला. सासूच्या पाया पडला. तिला नवं लुगडं आणलं होतं. अख्ख्या वस्तीनं पाहिलं. एस्तेर जीपमध्ये बसली.

ग्रेस तेव्हा सातवीत होती. तिनंच एके दिवशी मधे पडून बापाचा हात धरला. त्यानं तिला झटकलं, ती दाराच्या चौकटीवर आपटली, भुवईपाशी टाके पडले. त्या दिवशी एस्तेर स्वतः चालत माझ्या खोलीवर आली आणि म्हणाली, "बाई, आता पोलिसांत जाते." मी पायांत चपला घालत होते. तेवढ्यात, कुणाकडून तरी कळून, तिच्या पाठोपाठ भालेराव सर आले.

भालेराव सर म्हणजे आमचे मुख्य पंच, निवृत्त मुख्याध्यापक. निम्म्या मंडळीला त्यांनी अक्षरं शिकवलेली. ते म्हणाले, "उद्या सगळे बसू. उद्यापर्यंत थांब, मुली."

आता तेव्हा काय चाललं होतं ते सांगते. आमच्या वाडवडिलांना गावानं वेशीबाहेर ठेवलं होतं. ते ख्रिस्ती झाले तरी गावानं त्यांना आत घेतलं नाही. पण सरकारदरबारी ख्रिस्ती म्हटलं की दलितांच्या सवलती गेल्या. पोरं शिकायची कशी, नोकऱ्यांना लागायची कशी? या मागणीसाठी जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्यांचा मोर्चा ठरला होता. मागणी खरी होती. मी आजही ती खरी मानते. आणि त्या मोर्चाचा पुढारी विल्सन होता, कारण पोलिसांची परवानगी काढणं, पत्रकं छापणं, खेड्यापाड्यांतून माणसं आणणं हे सगळं जमणारा आमच्यात तो एकटाच होता.

पंचांच्या सभेत सेविकेला बसता येतं, मत देता येत नाही. एस्तेरलाही बोलावलं होतं. भालेराव सरांनी शांतपणे मांडलं. "पोलिसांत नाव गेलं की दुसऱ्या दिवशी पेपरात येणार. मोर्चाचा पुढारी बायकोला मारतो. मग कलेक्टर आपलं निवेदन हातात तरी घेतील का? हा एका घराचा प्रश्न नाही. हजारो घरांचा आहे."

मी म्हणाले, "सर, मुलीच्या कपाळाला टाके आहेत."

"मी पाहिलेत, रत्नाबाई. मलाही मुली आहेत." त्यांचा आवाज खरोखर कापत होता. मग ते एस्तेरकडे वळले. "एवढा मोर्चा होऊ दे. त्यानंतर तुझं मी स्वतः बघतो. माझा शब्द."

मी तिच्याकडे बघून मान हलवत होते, नाही म्हण, नाही म्हण. पण ती सरांची विद्यार्थिनी होती. तिला पहिलं गीत सरांनी शिकवलं होतं. ती म्हणाली, "बरं, सर."

मोर्चा ईदगाह मैदानावरून निघाला. इतकी माणसं मी आमच्यात कधी पाहिली नव्हती. पेठ-सुरगाण्याकडून लोक ट्रकमधून आले होते, म्हाताऱ्या काठ्या टेकत चालत होत्या. पुढाऱ्याची बायको म्हणून एस्तेरला पहिल्या रांगेत फलक धरायला दिला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत न्याय हा शब्द होता. मी तिच्या उजव्या बाजूनं चालत होते. भोंग्यातून विल्सन घोषणा देत होता, पण भोंगा डावीकडे होता. "काय म्हणाले?" असं ती मला विचारायची, मी सांगायची आणि मग ती ओरडायची. तिचा आवाज सगळ्यांच्या मागून एकटा यायचा. कलेक्टरांनी निवेदन घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात ती विल्सनच्या शेजारी आहे.

सवलती मिळाल्या नाहीत. तो वेगळा विषय आहे.

भालेराव सरांनी मात्र शब्द पाळला. त्यांनी जे केलं ते त्यांच्या मतानं सगळ्यात मोठं होतं. विल्सननं भर उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं, हे उभं राहून सांगणं. विल्सन तयार झाला. मला वाटलं, चला, निदान ते वाक्य कुणाच्या तरी तोंडून येईल. तोच म्हणेल.

आणि तो खरंच म्हणाला. व्यासपीठाखाली उभं राहून तो म्हणाला, "मी माझ्या पत्नीवर हात उगारला. मी बाहेर न्याय मागत होतो आणि घरात अन्याय करत होतो. ती प्रत्येक चापट मी माझ्या तारणाऱ्याला मारली." चर्चमध्ये हुंदके ऐकू येऊ लागले. तो पुढे किती वेळ बोलला ते आठवत नाही. त्यानं भाषणं पुष्कळ केली होती, पण असं कधी बोलला नव्हता. मोठमोठी माणसं रुमालात तोंड लपवून रडत होती. साहेबही रडत होते. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "एस्तेरबाई, पुढे या."

एस्तेर जागेवरच बसून होती. मला वाटलं तिला ऐकू आलं नसेल. मग मी तिचा चेहरा पाहिला. तिला ऐकू आलं होतं. ग्रेसनं तिचा पदर मुठीत धरला होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आई, नको जाऊ. आई, नको ना." मागच्या बाकावरच्या बायका एस्तेरच्या खांद्याला हात लावून प्रेमानं म्हणत होत्या, "जा गं, जा. किती भाग्याची आहेस." सगळं चर्च वळून तिच्याकडे बघत होतं. तिनं मुलीच्या मुठीतून पदर सोडवून घेतला आणि ती गेली. साहेबांनी दोघांचे हात एकमेकांत दिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. मग गीत गायचं होतं आणि ऑर्गनवर दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तो विल्सननंच जाऊन वाजवला.

गुड फ्रायडेच्या आत पुन्हा सुरू झालं.

आता एस्तेर भालेराव सरांकडे गेली तेव्हा मी बरोबर होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "मुली, त्यानं देवासमोर साक्ष दिलीय. चारशे माणसांनी ऐकलीय. आता तू असं म्हणतेस म्हणजे ती साक्ष खोटी होती असं म्हणतेस. विचार करून बोल."

यापूर्वी तिचं ऐकून निदान लोक गप्प बसत. आता तिच्याकडेच दोष आला. देवानं एवढं मोठं काम केलं आणि हिचं समाधान नाही. भगिनी मंडळात तिच्यासाठी प्रार्थना झाली की तिच्या मनातली कटुता जावी. ती प्रार्थना दुसऱ्या एका बाईनं केली. मी तिथंच होते, माझे डोळे उघडे होते.

शेवटी आम्ही दोघी पोलीस स्टेशनात गेलो. ठाणे अंमलदार सभ्य होता, त्यानं बसायला खुर्ची दिली. नाव ऐकल्यावर म्हणाला, "म्हणजे मोर्चावाले विल्सनभाऊ? अहो, ते मिटलं ना तुमच्या चर्चमध्ये? मी ऐकलं की." त्यानं आत जाऊन फोन केला. आमचा चहा पिऊन होतो न होतो तोच भालेराव सर आणि दोन पंच स्कूटरवरून दारात हजर. कोणी ओरडलं नाही, कोणी धमकावलं नाही. सर फक्त म्हणाले, "चल मुली, घरी." एस्तेर उठली.

मी तिला रिक्षानं सोडायला गेले. मी बोलतच होते. दुसऱ्या स्टेशनात जाऊ, मोठ्या साहेबांना भेटू, वकीलबाईंना पुन्हा विचारू. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"बाई, आता बस करा."

"असं कसं बस करू?"

"तुम्ही माझ्यासाठी भांडता. साहेब बोलतात, सर बोलतात. मग सगळे आपापल्या घरी जातात. घरी त्यांच्याबरोबर मी असते." ती रागानं बोलत नव्हती. मला समजावत होती. "जितकी जास्त माणसं त्यांना बोलतात ना, तितकं मला जास्त फेडावं लागतं."

त्यानंतर तिनं मला कधी काही सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मी जायची, उतारा वाचायची, प्रार्थना करायची, चहा प्यायची. ग्रेसनं चर्चला येणं सोडलं. रविवारी ती घराच्या पायरीवर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसलेली दिसायची. मी हाक मारली तर वर बघून नमस्कार करायची. आम्हा ख्रिस्ती लोकांचा सलाम म्हणत नसे.

वर्षं गेली. आमचा घटस्फोटाचा कायदा बदलला, आता नुसती मारहाण पुरते असं वकीलबाईंनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं. पुढे घरातल्या मारहाणीसाठी सगळ्या बायकांना लागू होणारा नवा कायदा आला. घरातून हाकलता येत नाही, संरक्षण मिळतं, हे मी शिबिरात जाऊन शिकून आले. शिकून तडक एस्तेरकडे गेले. विल्सन एव्हाना पंच झाला होता, घरी नव्हता. एस्तेरनं कांदेपोहे केले. उजवा कानही आता क्षीण झाला होता, त्यामुळे मला कायदा ओरडून सांगावा लागत होता. शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून तिनं आधी खिडकी लावून घेतली. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आता ते मारत नाहीत, बाई. वय झालं. आता नुसतं बोलतात, आणि मला ऐकू येत नाही." आणि ती हसली. खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

माझ्या निरोपसमारंभाला पंचांतर्फे शाल विल्सननं घातली. मंडळीतल्या स्त्रियांसाठी रत्नाबाईंनी जे केलं त्याला तोड नाही, असं तो बोलला आणि चांगलं बोलला. माझ्या पत्र्यांची आठवणही त्यानं काढली नाही, एवढा तो सभ्य होता. मी शाल घेतली. चारचौघांत दुसरं काय करतात ते मला कधी जमलं नाही.

लोक विचारतात, इतक्या वर्षांत कोणाचंच बरं झालं नाही का? झालं. दोघी-तिघींचं झालं. एकीच्या सासूनं स्वतःच्या मुलाला घराबाहेर काढलं. एकीला सरकारी नोकरी लागली आणि ती बदली मागून निघून गेली. पण त्यात माझ्या प्रार्थनेचा, साहेबांच्या उपदेशाचा, पंचांच्या सभेचा काही हात नव्हता. कायदा होता, धर्म होता, समाजासाठी रस्त्यावर उतरणारी चांगली माणसं होती, आणि एस्तेर त्या सगळ्यांच्या मधोमध राहत होती.

निवृत्त झाल्यावर एके दिवशी ग्रेस माझ्या खोलीवर आली. भुवईवरची खूण तशीच. ती एका कंपनीत हिशेबाचं काम करत होती. म्हणाली, "मी लग्न करतेय. रजिस्टर. मुलगा हिंदू आहे. तुम्ही साक्षीदार म्हणून याल का?"

"येईन की. आई?"

"पप्पा येऊ देणार नाहीत." मग म्हणाली, "बाई, एक सांगू? राग मानू नका. तिथं प्रार्थना करू नका."

मी गेले. नोंदणी कार्यालयाच्या त्या खोलीत पंखा हळूहळू फिरत होता, बाकांवर दुसरी दोन जोडपी वाट बघत बसली होती. ग्रेस साधी पिवळी साडी नेसली होती. आई येणार नाही हे तिला माहीत होतं, तरी दार वाजलं की ती वळून बघायची. सह्या झाल्या. हार घातले. मुलाची आई साधी, हसऱ्या तोंडाची बाई होती, इगतपुरीकडची. तिनं पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही चर्चच्या बाई ना? आमची सून म्हणाली. मग पोरांसाठी देवाला दोन शब्द बोला की."

ग्रेस माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "मी आता रिटायर झालेय."